वाचकांचे प्रश्न : शरदातले वाढदिवस आणि दारची सजावट

भाद्रपद सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पावसाळ्यातल्या ओलीची आणि भिंतीच्या बुरशीची विचारपूस थांबते आणि वाढदिवस, कोजागिरी, दिवाळीच्या सुट्टीतला गोतावळा यांची तयारी कशी करावी, असे प्रश्न येऊ लागतात. यंदाच्या पत्रांपैकी बहुतेकांना घरी हाताने करता येईल अशी सजावट हवी आहे, म्हणून हा संपूर्ण मजकूर त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ११ वर्षांची होईल. मोबाइलवर चित्रे पाहून तिने ‘ऑटम पार्टी’चा हट्ट धरला आहे. तिला तांबडी-नारिंगी पाने हवीत, डोळे कोरलेला भोपळा हवा. बाजारात प्लॅस्टिकच्या पानांच्या माळा मिळतात, पण त्या घरात आणाव्याशा वाटत नाहीत, आणि आमच्या अंगणात तर एकही पान पिकलेले नाही. – एक आई, लातूर

उत्तर : ताई, पान पिकलेले नाही यात आपल्या अंगणाची काही चूक नाही. ज्या थंड देशांतली ती चित्रे आहेत, तिथे या दिवसांत दिवस झपाट्याने लहान होतात आणि गारठा वाढतो. त्यामुळे पानांतले हरितद्रव्य मोडते, त्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि मेपलसारख्या काही झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. आश्विन-कार्तिकात मराठवाड्यातले झाड हिरवेच असते आणि पिकते ते रान. मुलीला ‘नाही’ म्हणण्याऐवजी हा फरक समजावून सांगावा आणि एका सकाळी तिला पिशवी देऊन गावाबाहेर न्यावे. वाळलेले सोयाबीन, बांधावरचे कुसळी गवत, बाजरीचे कणीस, तरोट्याच्या शेंगा, कडेला पिवळी फुले असे जे सापडेल, त्यावरून तिच्या वाढदिवसाचे रंग तिलाच ठरवू द्यावेत. माझा अंदाज असा की नारिंगी रंग तिला झेंडूत मिळेल आणि तपकिरी सोयाबीनच्या शेंगेत. पांढऱ्यासाठी कापूस आहेच, आणि तो त्या मोबाइलमधल्या चित्रांत नाही.

पानांचाच आग्रह असेल तर पिंपळाच्या पानांची जाळी करावी. हाताशी चार आठवडे असतील तर आजच सुरुवात करावी, कारण या कामाला घाई चालत नाही. कोवळी तांबूस पाने सोडून निबर, गडद हिरवी, न फाटलेली ३०-४० पाने देठासकट घ्यावीत, जुन्या बादलीत पाण्याखाली बुडवून वर एक दगड ठेवावा आणि दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलावे. तीन ते चार आठवड्यांत पानाचा गर कुजून बुळबुळीत होतो. या काळात त्या बादलीला जो वास सुटतो तो सांगून कळायचा नाही, तेव्हा बादली परसात ठेवावी आणि ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतावे. पुढे पांढऱ्या ताटलीत थोडे स्वच्छ पाणी घेऊन पान त्यात पसरावे, देठ बोटाने दाबून धरावा आणि मऊ दातब्रशाने मधल्या शिरेपासून कडेकडे हळूहळू गर उतरवावा. पाचवे-सहावे पान होईपर्यंत दोन-तीन फाटतात, ती फाटू द्यावीत. गर निघाला की शिरांची इतकी नाजूक जाळी उरते की तिच्यातून ताटलीचा पांढरा रंग दिसतो. ती वर्तमानपत्रात ठेवून जाड पुस्तकाखाली दोन दिवस वाळवावी. पुष्कळ जण तिला रंग देतात. मला मात्र ती चहाच्या पाण्यात बुडवलेली किंवा कोरीच आवडते. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीत बारीक दोऱ्याने टांगली की मावळतीचा प्रकाश तिला लागेल तेवढा रंग देतो.

डोळे कोरलेल्या भोपळ्याबद्दल थोडक्यात. ही चाल मूळची आयर्लंडची. तिथे लोक सलगम कोरत असत आणि तेथून अमेरिकेत गेलेल्यांना भोपळा सोपा वाटला म्हणून तो रुळला. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात कोरलेला लाल भोपळा दोन दिवसांत लिबलिबीत होतो. करायचाच असेल तर वाढदिवसाच्या दिवशी सकाळी कोरावा, आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा छोटा दिवा ठेवावा आणि काढलेल्या गराचे घारगे करून पाहुण्यांना वाढावेत. घारगे नसतील तर कोरूही नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही शेतकरी कुटुंब. सोयाबीन, कापूस, तूर घरचेच आहे. धाकट्याचा पहिला वाढदिवस दिवाळीच्या सुमारास येतो. हेच वापरून घर सजवले तर चालेल का? आणि ज्वारीची कणसे ऑक्टोबरमध्ये कुठे मिळतील? – जालना जिल्हा

उत्तर : चालेल, आणि शोभेलही, मात्र यातल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा आहे.

आधी सोयाबीन. काही वर्षांपूर्वी मी स्वतः वाळलेल्या सोयाबीनची एक देखणी जुडी बांधून केकच्या टेबलावर, पिवळ्या बल्बच्या शेजारी टांगली होती. पक्व शेंग तापली आणि वाळली की तिच्या दोन्ही टरफलांना पीळ पडतो आणि ती फुटून दाणे उडतात, हे शेतात शंभर वेळा पाहिलेले असूनही घरात आठवले नाही. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तसे वरून तड् तड् आवाज येऊ लागले आणि चार-सहा दाणे केकच्या मलईत जाऊन रुतले. मुलांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, पण वर्षाच्या बाळाच्या घरी जमिनीवर पडलेला सोयाबीनचा दाणा ही हसण्याची गोष्ट नाही. तो नाकात किंवा घशात जाऊ शकतो. म्हणून मळणी झाल्यावर उरलेली रिकामी काडी आणि टरफले वापरावीत, भरल्या शेंगा वापरू नयेत.

कापसाची फुललेली बोंडे काडीसकट मातीच्या घागरीत उभी केली तर दुसरी कोणतीही सजावट लागत नाही. मात्र या पिकावर फवारण्या होतात, म्हणून बोंडे तोडणाऱ्याने हात धुवावेत आणि घागर बाळाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. कापूस ठिणगीनेही पेटतो. तेव्हा समई, पणती आणि वाढदिवसाची मेणबत्ती त्यापासून निदान तीन-चार हात दूर असावी. किडकी, अर्धवट उमललेली बोंडे तर घरात आणूच नयेत. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून समारंभ झाला की काड्या ‘राहू दे, पुढच्या वर्षी होतील’ असे म्हणून माळ्यावर न टाकता त्यांची विल्हेवाट लावावी.

ज्वारीच्या कणसांबद्दल मात्र थांबावे लागेल. आपली रब्बीची ज्वारी याच दिवसांत पेरली जाते आणि तिचे कणीस हातात यायला फेब्रुवारी उजाडतो. ऑक्टोबरमध्ये मिळते ते बाजरीचे कणीस किंवा खरिपाच्या संकरित ज्वारीचे. बाजरीची १०-१२ कणसे सुतळीने बांधून दाराच्या दोन्ही बाजूंना टांगली तर सुंदर दिसतात. बाहेर टांगली तर चिमण्या दोन दिवसांत ती मोकळी करतील. समारंभ उरकल्यावर हे व्हावेच, आधी होऊ नये इतकेच.

तुरीविषयी लिहीत नाही, कारण दिवाळीला ती हिरवी आणि फुलावर असते आणि उभ्या पिकाची फांदी सजावटीसाठी तोडा, असे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी सांगण्याचे धाडस माझ्यात नाही.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. दरवर्षी थर्माकोलची नावाची अक्षरे आणि फुग्यांची कमान करून घेतो. या वर्षी दुकानदाराने थर्माकोल देण्यास नकार दिला. त्याला पर्याय सुचवावा. – नांदेड

उत्तर : दुकानदाराने योग्यच केले. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर निर्बंध आहेत आणि १ जुलै २०२२ पासून संपूर्ण देशात सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि प्लॅस्टिकचे झेंडे यांवर बंदी आहे.

अक्षरांसाठी किराणा दुकानातले जाड खोके पुरेसे आहे. एक फूट उंचीचे अक्षर आखून कापावे आणि त्याभोवती जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंदीच्या चिंध्या खळीने चिकटवत घट्ट गुंडाळाव्यात. मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंसाठी ते टाळावे. साधी खळ आठवडाभर टिकते आणि आपल्याला तेवढेच हवे. देवनागरी अक्षरांची एक सोय अशी की शिरोरेषेसाठी एक लांब बांबूची कामटी घेतली तर सगळे नाव तिला टांगता येते आणि प्रत्येक अक्षर भिंतीला वेगळे चिकटवावे लागत नाही.

राहिलेल्या साडीच्या पताका कराव्यात. पाया २० सेंटिमीटर आणि उंची २५ सेंटिमीटर असा त्रिकोण धरून एक सुलटा, एक उलटा असे आखत गेले तर एका सहावारी साडीतून दीडशेहून अधिक पताका निघतात. दोन पताकांत चार बोटे जागा सोडून दोरीवर शिवल्यास १० मीटर लांबीला साधारण ४० पताका लागतात. म्हणजे बैठकीची खोली, गॅलरी आणि जिना इतके सगळे एका साडीत होते. आजीच्या साडीच्या पताका असतील तर आजीला आधी विचारावे. मी विचारले नव्हते, आणि तो वाढदिवस फार शांततेत पार पडला.

फुगे फुगवायचे तर तोंडाने किंवा पंपाने फुगवावेत. जत्रेत मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन भरलेला असतो आणि तो पेट घेतो. ज्या खोलीत मेणबत्ती विझवायची आहे, तिथे असे फुगे नकोतच.

प्रश्न : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो. झेंडूचे तोरण विकत घ्यावे की घरी करावे? किती फुले लागतात? – परभणी

उत्तर : घरी करावे. तीन फूट रुंदीच्या दाराला मधला झोल धरून साधारण चार फूट माळ लागते. देठापासून फुलाच्या मध्यातून सुई काढली आणि फुले जवळजवळ ओवली तर ४०-४५ फुले पुरतात. घेताना अर्धा किलो घ्यावीत, कारण पिशवीच्या तळाशी काळवंडलेली फुले निघतातच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव चढलेला असतो आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेला माल विक्रेते पडत्या भावाने देतात. आपला मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा असल्यामुळे हा लाभ आपल्यालाच मिळेल. फुलांवर पाणी मारून ती बंद पिशवीत ठेवू नयेत, त्याने ती सडतात. कोरड्या टोपलीत ओलसर कापड झाकून गारव्याला ठेवावीत. मध्ये आपट्याची पाने ओवण्याचा मोह होईल. त्या झाडाला दसऱ्याला आधीच पुष्कळ ओरबाडलेले असते, म्हणून सोनेरी कागदाची दोन पाळ्यांची पाने कापून ती ओवावीत.

प्रश्न : नवरात्रात घरी घट बसलेला असतो आणि त्यातच मुलीचा वाढदिवस येतो. त्या नऊ दिवसांत वाढदिवसाची सजावट करावी का? – धाराशिव जिल्हा

उत्तर : करावी की नाही, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे, केली तर कशी करावी, एवढे मी सांगते. घटाची खोली आणि समारंभाची खोली वेगळी असावी, म्हणजे नंदादीपाजवळ कागद, फुगे आणि पंख्याचा वारा येणार नाही.

सजावटीची कल्पना मात्र घटाकडूनच घेता येईल. घटाभोवतीच्या काळ्या मातीत पेरलेले धान्य नवव्या दिवशी वीतभर होते, हे मुलीने पाहिलेलेच असेल. तसेच नारळाच्या करवंट्यांत रात्रभर भिजवलेले गहू वाढदिवसाच्या आठ-नऊ दिवस आधी पेरावेत. करवंटीच्या तळाला खिळ्याने एक भोक पाडावे, दोन बोटे माती घालावी, गहू एकाशेजारी एक दाट पसरावेत, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि दिवसातून दोनदा हाताने पाणी शिंपडावे. अंधारात ठेवलेले अंकुर पिवळे येतात आणि उजेडात ठेवलेले हिरवे. निम्म्या करवंट्या टोपलीखाली झाकून ठेवल्या तर टेबलावर हळदी आणि पोपटी असे दोन रंग एकाच धान्यातून मिळतात. प्रत्येक करवंटीत काडीला लावलेली पाहुण्या मुलाच्या नावाची चिठ्ठी खोचावी आणि जाताना ती त्याच्या हाती द्यावी. घटातले धान्य मात्र यासाठी घेऊ नये. ते दसऱ्याला टोपीत खोचायचे असते.

प्रश्न : आमच्या थोरल्याचा वाढदिवस कोजागिरीच्या आसपास येतो. गच्चीवर वीसेक मुले बोलावून आकाशात कागदी दिवे सोडण्याचा विचार आहे. – बीड

उत्तर : कागदी दिवे सोडू नयेत. या दिवसांत गावोगाव सोयाबीनच्या गंजी लागलेल्या असतात, काहींची मळणी व्हायची असते, आणि आपण सोडलेला पेटता दिवा कुठे उतरेल हे आपल्या हाती नसते. एखाद्याचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत राख होऊ शकते.

थोरल्याचा वाढदिवस आणि कोजागिरी हा योग मोठा छान आहे, कारण त्या रात्री घरच्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळायची ‘आश्विनी’ची रीत आहेच. तेव्हा गच्चीवर रोषणाई कमीच ठेवावी; चांदण्यालाच सजावट करू द्यावे. कठड्याच्या कडेने रिकाम्या डब्यांत ओंजळभर वाळू घालून त्यात पणत्या ठेवल्या म्हणजे वाऱ्याने विझत नाहीत आणि लवंडतही नाहीत. मध्यभागी गेरूने सारवल्यासारखा एक गोल रंगवून त्यावर पांढऱ्या रांगोळीने चंद्राच्या कला काढाव्यात, मुलांच्या हातूनच काढून घ्याव्यात, आणि ओवाळण्याचा पाट पौर्णिमेच्या गोलावर मांडावा. आटीव दूध उघड्यावर ठेवताना पातेल्यावर पातळ मलमल बांधावी. दिव्याकडे येणारे पावसाळी किडे अजून गेलेले नसतात.

प्रश्न : माझे वय ७१. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातवंडे येतात आणि नातीचा वाढदिवस इथेच साजरा होतो. लहानपणी आम्ही ज्वारीच्या धाटाच्या बैलगाड्या करायचो. ते या मुलांना शिकवून त्याचीच सजावट करावी असे मनात आहे, पण हात आता आठवत नाहीत. – औसा तालुका

उत्तर : आजोबा, हात विसरत नाहीत, पहिले धाट सोलले की आठवेल. तरीही क्रम लिहून देते.

गोठ्यातला कडबा मागच्या रब्बीचा असेल. त्यातली मालदांडी ज्वारीची सरळ, जाड, न काळवंडलेली धाटे निवडावीत आणि दोन पेरांमधला भाग कापून घ्यावा. एका टोकाला नखाने साल उचलून खाली ओढली की लांब, चकचकीत चोय निघते आणि आत पांढरे, हलके भेंड उरते. चोयीची धार पात्यासारखी असते आणि ती बोटाला कधी लागली हे रक्त दिसल्यावरच कळते. म्हणून सोलण्याचे काम आपण करावे आणि जोडण्याचे मुलांना द्यावे. चोयी १५-२० मिनिटे पाण्यात भिजवल्या तर वाकवताना मोडत नाहीत आणि धारही थोडी नरमते.

सगळी जोडणी चोय आणि भेंड यांचीच असते. खिळा लागत नाही की गोंद लागत नाही. चोयीचे टोक तिरके कापून भेंडात खुपसले की ते घट्ट बसते. सुरुवात चष्म्यापासून करावी, कारण तो दहा मिनिटांत होतो आणि डोळ्यांवर चढतो. दोन चोयी गोल वाकवून त्यांची टोके भेंडाच्या एका तुकड्यात रोवायची, आणि दोन लांब चोयी कानांसाठी घ्यायच्या. मग गाडी. बोटभर भेंडाच्या चार तुकड्यांची चौकट, खाली आडवा आख, आखाच्या दोन्ही टोकांना भेंडाची जाड चकती, पुढे दोन चोयींची दांडी आणि तिच्यावर जू. बैल जमले नाहीत तर जमले नाहीत. आमच्या गाड्यांना बैल नसायचेच, आम्हीच ओढायचो. भेंड पाणी चटकन शोषते, त्यामुळे हळदीच्या किंवा बिटाच्या पाण्यात बुडवलेल्या चकत्या दोन तासांत पिवळ्या आणि गुलाबी होतात. त्या दोऱ्यात ओवल्या की त्यांचीच माळ तयार होते.

केकच्या मागे उभी करायला कडब्याची हातभर कोप, म्हणजे खोपी, करावी. आपल्या भागात येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जशी उभारतात तशीच, पाच-सहा पेंढ्या वर एकत्र बांधून खाली पसरलेल्या. त्या कोपीत पुजतात ते पांडव अर्थातच येळवसेसाठी राखून ठेवावेत आणि इथे आत नातीने केलेली गाडी उभी करावी. कोपीजवळ मेणबत्ती नेऊ नये. केक पुढच्या टेबलावर कापावा.

समारंभानंतर अंगण लगेच झाडून घ्यावे, कारण मुले अनवाणी पळतात आणि चोयीचे तुकडे पायात शिरतात. उरलेली कोप आणि बिनरंगी धाटे गुरांपुढे टाकता येतील. मात्र त्यांतली सुतळी, दोरे आणि कुणी हौसेने लावलेल्या टाचण्या आधी एकेक करून काढाव्यात आणि त्या मोजून डबीत परत गेल्या की नाही, ते नातीलाच पाहायला सांगावे.